उजव्या हाताचं बटण

दादाने बनवलेला गेम तळहातात मावेल एवढ्या यंत्रावर खेळायचा होता. बंद पडलेलं अंतराळयान, भिंतींतून निघणारे लोखंडी किडे आणि दोन हातांत दोन बंदुका घेतलेला एकटा कप्तान. डाव्या बटणाने डावी बंदूक, उजव्याने उजवी. पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला. दुसऱ्यात किडे वाढले, बंदुका मोठ्या झाल्या आणि लोक कंटाळले. तिसऱ्यात काहीतरी नवं आणा, नाहीतर गाशा गुंडाळा, असं कंपनीच्या मालकांनी सांगून टाकलं.

त्याच सुमारास दादाची उजवी बाजू गेली. आंघोळ करून आला, पडलेला टॉवेल उचलायला वाकला, तो स्वतःहून उठलाच नाही. काम धाकट्या बहिणीच्या गळ्यात आलं. ती त्याच्याच हाताखाली तयार झालेली. ऑफिसात सगळे तिला छोटीच म्हणायचे.

काम सुटलं की छोटी त्याच्याकडे जायची. एकदा तो औषधाची बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हाताने झाकण फिरवत होता. बाटली निसटायची, तो पुन्हा धरायचा. मदतीला जायचं सोडून छोटी बघत राहिली आणि बघता बघता तिच्या डोक्यात गेम सुरू झाला. तिला तिथल्या तिथे लाज वाटली, पण विचार काही थांबला नाही.

नव्या भागात पहिल्याच लढाईत कप्तानाचा उजवा हात तुटतो. मग दिवा धरायचा की बंदूक, शिडी चढायची की गोळी झाडायची, हे ठरवावं लागतं. दोन्ही एकदम जमत नाही. जे किडे लोक डोळे मिटून मारायचे, त्यांच्यापासून आता लपायची वेळ येत होती. ऑफिसातली मंडळी खूश झाली, मालकांनी पाठ थोपटली. दादाला मात्र कुणी कळवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत छोटी टाळत राहिली.

शेवटी ती यंत्र घेऊन गेली आणि त्याच्याजवळ बसून खेळून दाखवू लागली. हात तुटला तेव्हा वहिनीचा चेहरा उतरला आणि ती उठून आत गेली. दादाने शेवटपर्यंत पाहिलं.

“माझ्याकडे बघून केलंस?” त्याची जीभ अजून जड होती.

ती हो म्हणाली.

“विचारायचं तरी.”

तिने यंत्र खाली ठेवलं. मग त्याने विचारलं, उजव्या बटणाचं काय केलंत? त्या बटणाने आता दिवा लागतो, असं तिने सांगितलं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

“त्याला काही देऊ नकोस. दाबलं की नुसता खांदा हलू दे. मी रोज दाबतो.” मग म्हणाला, “आणि गेमवरचं माझं नाव काढून टाक.”

तिने दोन्ही केलं. गेम तपासणाऱ्यांना वाटलं यंत्रच बिघडलंय. मालक चिडले, पण छोटी हटली नाही. गेम बाजारात आला आणि जो तो त्या बटणाबद्दलच बोलू लागला. किडे अंगावर आले की जुन्या सवयीने बोट तिकडे जायचं, कप्तानाचा खांदा हलायचा आणि पुढे काहीच घडायचं नाही. लोकांना ते सहन होत नव्हतं आणि ते सोडतही नव्हते.

चौथ्या भागाच्या बैठकीत मालकांनी हसत विचारलं, आता कप्तानाचं काय तोडायचं? सगळे हसले. छोटी उठून बाहेर गेली, ती पुन्हा त्या ऑफिसात आली नाही.

दादाकडेही तिला जागा उरली नव्हती. इतक्यात येऊ नकोस, असं वहिनीने फोनवर हळूच सांगितलं होतं. कित्येक महिने ती गेली नाही. मग एके दिवशी वहिनीनेच बोलावलं. वहिनीला तिच्या आईला भेटायला जायचं होतं आणि दादाला एकट्याला ठेवता येत नव्हतं.

दादा खिडकीशी बसला होता. बराच वाळलेला. ना गेमचा विषय, ना नोकरीचा. दुपारी त्याने डावा हात पुढे केला. या हाताची नखं त्याला स्वतःला कापता येत नव्हती आणि वहिनी घाईत कातडी कापायची. छोटीने नेलकटर शोधून आणला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. त्याने हात तिच्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.