कटरची हेल्पर

"तुमचं नेमकं काम काय?" पाहणीला आलेल्या बाईंनी तिला विचारलं.

ती तोंड उघडणार तोच नवरा मध्ये पडला. "कापड धरते, खडूने आखते. हेल्पर आहे माझी."

शिवणकारखान्यात बायकांना पुरुषांपेक्षा किती कमी मिळतं, ते मोजायला या बाई आल्या होत्या. एकाच कामाचे दोन पगार निघाले, तर मालकाला ते सारखे करावे लागणार होते. या टेबलावर नवरा कटर आणि ती हेल्पर, पगार त्याच्या निम्मा. पण त्याची नजर अधू झाल्यापासून कात्री तीच चालवत होती. मुकादमाची पाठ वळली, की नवरा ती हळूच तिच्याकडे सरकवायचा. राबायचं हिने आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या त्याने.

"नजरेचं काढायचंच नाही. दोघंही कापतो, एवढंच सांगा," असं तिने त्याला विनवलं होतं. सकाळी निघताना तो हो म्हणाला होता.

"म्हणजे तुम्ही कापत नाही?" बाईंनी पुन्हा तिलाच विचारलं.

मुकादम शेजारीच उभा होता. नवऱ्याला खोटं पाडलं, तर मुकादम त्यालाच आत्ताच्या आत्ता कापून दाखव म्हणाला असता आणि अधू नजर उघडी पडली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

"नाही," ती म्हणाली.

"मग इथे तफावत नाही. कामंच वेगळी आहेत." बाई पुढच्या टेबलाकडे वळल्या.

"रागावू नकोस गं," नवरा पुटपुटला. "बायको आणि मी एकाच पगारावर? चार माणसांत काय पत राहिली असती माझी? शेवटी पैसा एकाच घरात येतो ना."

"मग तुम्ही व्हा हेल्पर. तरी एकाच घरात येईल."

तो हसला. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्याची एवढी चीड कधी आली नव्हती.

टेबलावर नवं कापड अंथरलं गेलं. तिने आखून दिलं. मुकादम लांब गेलेला पाहून त्याने नेहमीसारखी कात्री सरकवली. तिने ती घेतली नाही. दोन्ही हातांनी कड ताणून धरली आणि हेल्परने उभं राहावं तशी उभी राहिली.

"अगं, घे ना," तो कुजबुजला.

"कापा. धरलंय मी."

त्याची नोकरी गेली, तर घर तिच्या निम्म्या पगारावर येणार होतं. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. खडूची रेघ शोधत तो कापडावर पार वाकला. मुकादम परत येत होता. तिने कड सोडली नाही.