धून वगळून

आमच्या तबकड्या कधी दुकानात मिळाल्या नाहीत. लंडनच्या सोहो भागात सॉसेजच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात मालक सिरिल टॅपस्कॉट आणि मी, एडना. झाली कंपनी. टीव्हीवाल्यांना बातम्यांखाली, जाहिरातींखाली वाजवायला तयार संगीत लागतं, ते आम्ही पुरवायचो. प्रत्येक तुकडा दोनदा ध्वनिमुद्रित व्हायचा. एकदा धुनीसकट आणि एकदा धून वगळून, म्हणजे निवेदकाला वर बोलता यावं. साहेब धून वगळलेला आधी उरकायचे, कारण खपायचा तोच.

लंडनच्या वादक संघटनेला हे काम पसंत नव्हतं, म्हणून आम्ही बोटीने समुद्र ओलांडून ब्रसेल्सच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचो. बाहत्तरच्या मार्चात गेलो तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमचा संगीतकार आणि ट्रम्पेटवादक आयव्हर प्रॉसर सोमवारी सगळे दात काढून घेणार होता. दात गेले की ओठांना आधार नाही, म्हणजे ट्रम्पेट संपलं. आयुष्यभर टोपणनावांनी आमच्यासाठी राबलेल्या माणसाने या खेपेला एवढंच मागितलं होतं, की शेवटचा तुकडा त्याच्या नावाने निघावा आणि त्यातली धून त्याने स्वतः वाजवावी.

ड्रमवाला उशिरा उगवला. मग माइक खरखरायला लागला. मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

"बाई, बसा की. तुमच्या चपला टेपवर येतील," साहेब म्हणाले.

"आयव्हरची धून आधी घ्या ना, साहेब."

"क्रमाने होईल सगळं."

डोंबल क्रमाने! शेवटचा तुकडा धून वगळून झाला आणि दार उघडलं. आमची वेळ संपली होती, पुढची मंडळी वाद्यांच्या पेट्या घेऊन उभी. मी तिथल्या तंत्रज्ञाच्या हातापाया पडले, म्हटलं, एकदाच वाजवू दे. त्याने खांदे उडवले आणि वायरी गुंडाळायला घेतल्या.

"अहो, धून ऐकतंय कोण?" साहेब पुटपुटले.

"मग जा, तुम्हीच सांगा त्याला."

ते गेले नाहीत. आयव्हर ट्रम्पेट गार पडू नये म्हणून कोटात धरून उभा होता. सगळं त्याने ऐकलंच होतं.

"राहू दे गं," तो मला म्हणाला. "सोमवारपासून दातदुखी तरी बंद."

तबकडी त्याच्या नावाने निघाली, धून वगळून. एका वाहिनीने ती रोज संध्याकाळच्या हवामानाच्या बातम्यांखाली लावली आणि कंपनी त्यावर तगली. साहेब खूश होते. माझं डोकं मात्र ती लागली की फिरायचं.

पुढे एकदा आयव्हरकडे चहाला गेले होते. हवामान सुरू झालं. मी टीव्ही बंद करायला उठले, तर त्याने हातानेच थांबवलं. आधी नुसता ठेका, मग त्याच्या धुनीची जागा आली. निवेदक उत्तरेकडच्या पावसाचं सांगत होता. आयव्हरने छाती भरून श्वास घेतला, कवळीवर ओठ आवळले आणि तो श्वास तसाच धरून बसला. निवेदक बोलतच होता.