सुरमईची हाक

दत्ताराम सर निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला गेले, तरी आखातातल्या अल बर्शाच्या कॉलेजच्या मैदानावर हाका त्यांच्याच चालत होत्या. मुलींच्या फुटबॉल टीमला सरांनी माशांची नावं शिकवली होती. कॉर्नर मिळाला की सर कडेवरून गरजायचे, "सुरमई!" म्हणजे चेंडू जवळच्या मुलीकडे ढकलायचा. "बांगडा" म्हणजे थेट लांबच्या खांबापाशी. "सौंदाळा" म्हणजे मारायचं नाटक करून मागे द्यायचा. समोरच्यांना ओ की ठो कळायचं नाही. त्या माशांनी इतके कप आणले की ऑफिसातलं कपाट पुरेना.

आता त्या जागी रुपाली उभी होती, एकेकाळची सरांचीच सेंटर फॉरवर्ड. स्पोर्ट्स विभागाचे चंद्रशेखर साहेब मऊ शब्दांत बोलले होते, पण बोलले होते: आजची सेमीफायनल गेली तर पुढच्या टर्मला बाहेरचा कोच येणार. समोर अबुधाबीची टीम, आणि तिचा कोच जमाल. जमाल कितीतरी वर्षं सरांचा असिस्टंट होता. हे ठाऊक असूनही हाका बदलायला रुपालीचं मन होईना. देव्हाऱ्यातल्या मूर्ती का कुणी बदलतं?

त्यातून आज संकष्टी. मासळीचं नाव तोंडी येणार, म्हणून सकाळी दूर्वा वाहताना तिने गणपतीची आगाऊ क्षमाही मागून ठेवली होती.

व्हायचं तेच झालं. तिने "बांगडा" म्हटलं की जमाल चेंडू उडण्याआधीच आपल्या मुलींना लांबच्या खांबाकडे पाठवायचा. "सुरमई" म्हटलं की जवळ दोघी हजर. मध्यांतराला एक गोल अंगावर होता.

मुली पाण्याच्या बाटल्या घेऊन गवतावर बसल्या. कॅप्टन इरा म्हणाली, "मिस, तो जमाल नोज एव्हरीथिंग." पर्णिकाने भीतभीत विचारलं की सौंदाळा दिसतो तरी कसा, कारण ती दर वेळी आधी नाव आठवते आणि मग पळते.

रुपालीला स्वतःच्या खेळण्याच्या दिवसांतली एक संकष्टी आठवली. मासळीचं नाव ऐकलं की ती कान झाकून घ्यायची, आणि मैत्रिणी टर उडवायच्या. त्या दिवशी सर मैदानात आले आणि ओरडायला लागले, "पडवळ! दोडका! भोपळा!" टीममध्ये भटीण घेतलीय का, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, "तिच्या कानाक आज उपास आसा. तिका ऐकाक येता, तां मी सांगतलंय."

ते आपल्या व्रताचं कौतुक होतं, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"खेळून दमलात की काय मागवता गं तुम्ही?" तिने विचारलं.

एकच गलका झाला. करक चहावर एकमत झालं, मग शवर्मा की मंदीचा भात यावर भांडण. मध्येच इराने सगळ्यांना हात केला. "मिसचा फास्ट आहे, गाइज. नो चिकन." मग यादीत फलाफल आलं, गोड कुनाफा आला. कुठल्या नावाला कुठली चाल, हे मुलींनीच ठरवलं. रुपाली नुसती मान डोलवत राहिली.

दुसऱ्या हाफमध्ये "फलाफल" ऐकून जमालने चमकून मान वळवली, तोवर पर्णिकाने बरोबरी केली होती. शेवटच्या कॉर्नरला रुपाली बेंबीच्या देठापासून ओरडली, "कुनाफा!" इराने मारायचं नाटक केलं, चेंडू मागे आला आणि जाळीत गेला. खलास.

जमाल हात मिळवायला आला. "दीदी, ये कौनसी मछली थी?" असं म्हणून तो हसला, पण सरांचे मासे गेले म्हणून त्याचे डोळे भरले होते.

मुली आरडाओरडा करत बसकडे पळाल्या, तेव्हा रुपालीने सरांना फोन लावला. जिंकलो, हे आधी सांगितलं. सुरमईने जिंकवलं, असं म्हणायचा मोह ओठापर्यंत आला होता. तरी तिने खरं ते सगळं सांगितलं.

पलीकडे माडांचा आवाज येत होता.

"मॅचच्या टायमाक माझो घसो अजून आराडूक खवखवता गो बाय," सर म्हणाले. "आता तेका सांगूक होया, तुजां काम झालां म्हणान."

'झालं नाही, सर,' असं खोटं रुपालीला म्हणवेना. मैदानातले दिवे लागले, तरी दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नव्हता.