बसल्या जागेचं काम

"घरात शिशाचं काम कोण करतं?" सिस्टरनी विचारलं आणि सासूबाईंचा पारा चढला.

मुलगा जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या कारखान्यात होता खरा, पण घरी त्याने कधी एक खिळासुद्धा आणला नव्हता. सासूबाईंनी तसं ठणकावून सांगितलं. तरी सुनेच्या रक्तात शिसं निघालं होतं आणि बाळाच्याही. ते दिवस भरायच्या आतच आलं होतं आणि काचेपलीकडच्या खोलीत, पेटीत, एवढंसं तोंड करून झोपलं होतं.

"मग यांच्या रक्तात आलं कुठून?"

काय बोलावं या बाईला! सुनेला दिवस गेल्यापासून सासूबाईंनी तिला इकडची काडी तिकडे करू दिली नव्हती. पाणी, केर, स्वयंपाक, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं शेजारणी म्हणायच्या; आणि ते पुन्हा कानावर पडावं म्हणून सासूबाई बादल्या नेमक्या त्यांच्या दारासमोरून न्यायच्या. पोरगी अगदीच कंटाळू नये म्हणून एकच काम तिच्याकडे ठेवलं होतं, तेही बसल्या जागेचं. नवऱ्याचे कामावरचे कपडे भिजवण्याआधी झटकून द्यायचे. तसेच भिजवले की पाण्याचा नुसता राडा व्हायचा.

ती कपडे कुठे झटकायची, सिस्टरनी विचारलं. घरातच, सासूबाई म्हणाल्या; बाहेर ऊन लागायचं तिला.

मग सिस्टरनी आवाज न चढवता समजावलं. कपड्यांवरची ती धूळ शिशाचीच. श्वासातून, हातातोंडातून आईच्या रक्तात गेली आणि तिथून बाळात. बाळ वाढेल, पण त्याच्या ऐकण्या-बोलण्यावर, शिकण्यावर लक्ष ठेवावं लागेल. आज कुणीच काही सांगू शकत नाही.

सून तिथेच खाटेवर होती. तिने सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. सासूबाई स्टुलावर बसून राहिल्या. सुनेने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

सून भिंतीकडे बघतच बोलली, "आई, तुम्ही माझ्यासमोरच भाजी निवडत बसायचात. तुमचंही रक्त तपासून घ्या."

सासूबाईंनी बाही वर सरकवली. सुई टोचली तेव्हा त्यांनी हाताकडे पाहिलं नाही. काचेपलीकडे बाळाची छाती वर-खाली होत होती. मध्येच थांबल्यासारखी झाली, आणि पुन्हा हलली.