पांढऱ्या फुलाचा पहिला दिवस

वाळू माझी पणजी, भट्टीतला तप्त रस माझी आजी आणि काचेचा भला मोठा तक्ता माझी आई. त्या घराण्यातली मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची एक जुनी काचपट्टी आहे. मित्रांनो, नीट बसा. मी संतापलेली आहे आणि कारण सांगितल्याशिवाय उठू देणार नाही.

चाळीस वर्षांपूर्वी एका तरुण संशोधिकेने, कापसाचे फूल उमलले त्याच सकाळी, त्याच्या कोवळ्या बीजाचा पातळ काप माझ्यावर ठेवला. पेशींची केंद्रके उठून दिसावीत म्हणून त्यावर रंग चढवला. बीजाच्या सालीतल्या काही पेशी नुकत्याच फुगू लागल्या होत्या. त्यांची केंद्रके शेजारणींपेक्षा किंचित मोठी होती. अशी पेशी पुढे लांबत जाऊन कापसाचा तंतू होते, केंद्रक तळ सोडून वर सरकते आणि शेवटी भिंत जाड झाली की विरून जाते. तुमचा सदरा म्हणजे अशा असंख्य पेशींची रिकामी घरे आहेत!

विभागप्रमुखांनी मला पाहून नाक मुरडले.

"एवढीशी केंद्रकं? फूल उमलल्याच्या पहिल्या दिवसाच्या माझ्या पट्टीवर दुप्पट आहेत. रंग लावता येत नाही तर घरी जाऊन भिंती रंगवा, बाई!"

तिचा प्रबंध फेटाळला गेला. ती निघून गेली. मला फडताळात कोंबले. धूळ मी सोसली. तिच्यावरचा आळ मात्र मला कधीच सोसवला नाही.

गेल्या वर्षी एका नव्या संशोधिकेने दोन्ही पट्ट्या शेजारी मांडल्या. निवृत्त प्रमुखांना बोलावले आणि त्या काळी शेतात फुलांना खुणेचे दोरे बांधणाऱ्या मावशींनाही.

"मावशी, पहिल्या दिवसाचा दोरा कुठल्या फुलाला बांधायचात?"

"बाईंसाठी पांढऱ्या. साहेबांसाठी गुलाबी."

"अहो, गुलाबी म्हणजे आदल्या दिवशी उमललेलं!"

"ते मला ठाऊक आहे गं. साहेब म्हणायचे, गुलाबी लांबून दिसतं, त्यालाच बांध. मला विचारलं कुणी?"

साहेबांचा पहिला दिवस खरे तर दुसरा होता. तोवर केंद्रके वाढणारच! मित्रांनो, काचेतून पाहण्याआधी फूल पाहा, आणि ज्याच्या हातात दोरा आहे त्याला विचारा.

काल माझी ती जुनी संशोधिका आली, पिकल्या केसांची, ताठ. प्रमुख उठून उभे राहिले.

"त्या गुलाबी फुलांच्या पट्टीवरचा माझा लेख मी मागे घेतला. चूक माझी होती, असं छापून दिलं. तुमचा प्रबंध मंजूर झालाय, बाई."

"डॉक्टर म्हणा," ती म्हणाली. तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली सरकवले. "आता बघा."

ते वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"बरोबर आहे, डॉक्टर."

चाळीस वर्षांचे देणे पुरते फिटले.