अर्थ, वापर आणि उदाहरण

इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत लिहिण्यात अर्थबाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. हे नाव त्यांना शब्दकोशाच्या कचेरीनं ठेवलेलं, आणि मनातून ते त्यांना आवडायचं. चुकीचा अर्थ दिसला की त्यांचं डोकं उठे; हॉटेलातलं मेनूकार्डसुद्धा त्या पेन्सिलनं दुरुस्त करून येत. अशा बाईंनी पन्नाशी ओलांडल्यावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या प्रेमात पडावं, म्हणजे आता काय म्हणायचं!

घडलं ते असं. कचेरीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत बाई एकट्या. बाहेरून आवाज आला, "घाबरू नका बाई, मी आहे ना!"

"तुम्ही बाहेर आहात. त्याचा मला काय उपयोग?" बाई आतून कडाडल्या.

यावर तो माणूस इतका मोकळा हसला, की बाईंनाही हसू आवरेना. त्यानंतर ती लिफ्ट जरा जास्तच वेळा तपासली जाऊ लागली. तपासणी झाली की ग्रीसचे हात पुसत तो बाईंच्या टेबलाशी चहाला बसे. बाई शब्दांच्या गमती सांगत, आणि लिफ्टमध्ये एकटी असताना माणसं आरशापुढे काय काय चाळे करतात ते तो करून दाखवी. एक दिवस कप खाली ठेवत त्यानं सरळ विचारलं, "बाई, लग्न करायचं का आपण?"

"दादाला विचारते," एवढंच बाई म्हणाल्या.

दादा म्हणजे थोरले भाऊ, निवृत्त न्यायाधीश. आईवडिलांच्या मागे त्यांनीच बहिणीला वाढवलं, शिकवलं. त्यांचा शब्द बाईंनी कधी खाली पडू दिला नव्हता. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "याला मिसअलायन्स म्हणतात. अर्थ तुला सांगायला नको. रविवारी जेवायला ये, बोलू."

अर्थ कसा सांगायला हवा होता? तो बाईंनीच लिहिला होता, नोकरीला लागल्या लागल्या, मोठ्या ऐटीत: 'विजोड विवाह, कुळानं, शिक्षणानं वा दर्जानं कमी असलेल्या व्यक्तीशी जोडलेला अनुचित संबंध.' आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? बाईंना तो माणूस हवा होता. आणि दादाही हवा होता.

कोशाची नवी आवृत्ती निघायचीच होती. बाईंनी त्या शब्दाच्या चिठ्ठ्या काढल्या. कादंबऱ्यांतून, पत्रांतून, वर्तमानपत्रांतून उतरवून घेतलेली वाक्यं होती ती. हे कोण म्हणतंय? आत्या. हे? नवऱ्यामुलाचा मामा. इथे शेजारीण, तिथे बातमीदार. बाईंनी सगळी चिठ्ठी न् चिठ्ठी पुन्हा चाळली, आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या टेबलावरचा कारकून दचकला.

रविवारी सूप वाढलं जात असतानाच दादांनी सुरुवात केली. "लग्न म्हणजे लिफ्ट नव्हे, बिघडली की माणूस बोलवायला."

"वन्संचा माणूस तर घरातच असेल!" वहिनी म्हणाल्या.

दादांनी चष्म्यावरून पाहिलं. बाईंनी पर्समधून नव्या नोंदीचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. कोर्टात वाचावं तसं दादांनी मोठ्यानं वाचलं, "अर्थ: विजोड विवाह. वापर: औपचारिक. हा शब्द नातेवाईक, शेजारी आणि वर्तमानपत्रं वापरतात. लग्न करणारी दोघं तो स्वतःबद्दल वापरत नाहीत. त्यांना त्याची गरज पडत नाही." ते थांबले. "पुरावा?"

"सगळ्या चिठ्ठ्या हजर करते."

"आणि मी साक्षीला उभी राहते," वहिनी म्हणाल्या. "आपल्या लग्नात तुमच्या मावशी शिंप्याची पोर म्हणून माझ्याकडे बघून नाकं मुरडत होत्या, विसरलात? तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, सांगू वन्संना?"

"नको," दादा घाईघाईनं म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी कागदात डोकं घातलं. "हे उदाहरण अर्धवटच आहे. 'याला मिसअलायन्स म्हणतात, असं नवरीचा भाऊ म्हणाला, आणि...' आणि काय?"

"ते मला लिहिता येईना, दादा." बाई म्हणाल्या. "ते तुझ्या हातात आहे."

सूप निवून गेलं. मग दादांनी हात पुढे केला.

"पेन्सिल दे."

त्यांनी सावकाश लिहिलं, कागद बहिणीकडे सरकवला आणि निवलेलं सूप खाली मान घालून पिऊ लागले. बाईंनी वाचलं: '...आणि लग्नाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन दारात उभा राहिला.'

त्या वाक्यात अर्थबाईंनी एका अक्षराचीही दुरुस्ती केली नाही.