माझ्या पोटातला लांडगा

मी एक जुना चेलो आहे, मित्रांनो, आणि माझ्यात एक खोट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी तोंड वाकडे करायला नको. ज्यांनी चेलो पाहिला नसेल त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की मी व्हायोलिनच्या घराण्यातला, पण अंगाने थोराड. मला खांद्यावर घेत नाहीत. वाजवणारा खुर्चीत बसतो, मला दोन गुडघ्यांच्या मध्ये उभा धरतो आणि छातीशी टेकवतो. त्यामुळे माणसाच्या छातीतली धडधड सर्वांत आधी मला कळते. व्हायोलिनला फक्त हनुवटी कळते, तरी ते केवढे नाक वर करून असते.

आता खोट सांगतो. माझ्या तिसऱ्या तारेवर एक जागा आहे. तिथे बोट ठेवून गज ओढला की सूर सरळ निघत नाही. तो अडखळतो, गुरगुरतो आणि मग लांब विव्हळतो. वाजवणारे या आवाजाला लांडगा म्हणतात. पुष्कळ चेलोंच्या पोटात तो असतो, पण माझा जरा जास्तच मोकाट आहे. ज्या कारागिराने मला घडवले त्याने तो पहिल्याच दिवशी ऐकला. त्याने कान खाजवला आणि म्हणाला, “राहू दे. याला याचा माणूस भेटेल.” मग त्याने मला खुंटीला टांगले.

माझा माणूस भेटायला फार वर्षे लागली. लोक मला हौसेने घरी नेत, लांडगा ऐकत आणि मुकाट्याने परत आणून देत. शेवटी एक चष्मेवाला आला. दिवसभर काचा घासून त्याची बोटे गुळगुळीत झाली होती. त्याने मला वाजवले, लांडगा विव्हळला आणि तो चक्क हसला. मग त्याने डावा गुडघा माझ्या कुशीवर हलकेच दाबला. दुखणाऱ्या पोटावर कोणी हात ठेवला की कळ थांबावी, तसा लांडगा गप्प झाला. पुढे इतकी वर्षे तो गुडघा त्याच जागी टेकत राहिला की तिथले रोगण झिजून तळहाताएवढे फिकट लाकूड उघडे पडले.

चष्मेवाल्याची वाजवणाऱ्यांची एक मंडळी होती. धुलाईच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे ती सरावाला जमे. खालच्या इस्त्रीच्या वाफेने फरशी थंडीतही कोमट असे. चष्मेवाल्याची बायको व्हायोला वाजवी. व्हायोलाचा आवाज व्हायोलिनच्या आणि माझ्या मधला, म्हणून मी तिला धाकटी बहीण मानत असे. माझ्याहूनही थोराड अशा डबल बासवर एक सुतार होते, त्यांना सगळे काका म्हणत. क्लॅरिनेट शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंकडे होते. ट्रंपेटवाल्याचे गाल एवढे फुगत की त्याचे नावच फुग्या पडले होते. आणि चष्मेवाल्याची मुलगी होती. लहानपणी ती माझ्या पेटीत झोपायची आणि मोठी झाल्यावर माझ्यावरच शिकली.

या मंडळींचा एक रिवाज होता. सरावाच्या सुरुवातीला चष्मेवाला गुडघा बाजूला घेई आणि लांडग्याला एकदा मोकळा सोडी. मी विव्हळलो की बाकीचे सगळे तोच सूर धरून मला उत्तर देत. “वाईट आवाज आधी सांडून टाकू,” तो म्हणे, “मग कामाला लागू.” बाईंना पहिल्या दिवशी हसू आवरले नव्हते. पुढे त्यांना त्याशिवाय चैन पडेना. ती जागा वाजली की उत्तर द्यायचे, हे सगळ्यांच्या असे अंगवळणी पडले की त्यात विचार करायला वेळच उरला नाही.

मग चष्मेवाला आजारी पडला आणि गेला. जाण्याआधी त्याने बजावले होते, “मला पोचवायला वाद्यं आणू नका. तुम्ही रडत वाजवाल आणि बेसूर व्हाल.” म्हणून त्या दुपारी सगळे रिकाम्या हातांनी गेले आणि आम्ही खोलीत राहिलो. त्याचा कोट खुंटीवर होता. मी कोटाकडे बघत होतो. जिन्यावर पावले वाजली तेव्हा मला वाटले, तोच आला.

कुलूप तुटले आणि अनोळखी माणसे आत शिरली. व्हायोलाने मला विचारले, “हे कोण?” त्यांनी आम्हाला चादरींत गुंडाळले आणि खाली नेले. डबल बास तेवढा त्यांच्या घाईत जिन्यातून उतरेना, म्हणून तो वाचला.

आम्ही पोचलो ते बाजारामागच्या गल्लीतल्या एका दुकानात. तिथे माझ्या जुन्या रोगणावरच गडद तांबडा रंग फासला. फिकट लाकडाची ती जागा रंगाखाली गेली. मग माझ्या छातीवरच्या नागमोडी फटीतून एक वाकडी सळई आत आली आणि तिने माझ्या पोटाला आतून पितळेचा एक तुकडा सरसाने चिकटवला. त्या वजनाने लांडग्याचा गळा आवळला गेला. दुकानदार खूश झाला. मी मात्र स्वतःला ओळखेनासा झालो. दुकानात कोणी नसले की मला कुशीवर गुडघ्याचा भार जाणवे आणि समोर खुर्ची रिकामी असे. व्हायोला पलीकडच्या भिंतीवर होती. तिला एक गिऱ्हाईक घेऊन गेले. जाताना ती दाराच्या कडेला लागली आणि तिची एक तार वाजली. तिचा शेवटचा आवाज म्हणून तेवढाच माझ्याकडे आहे.

इकडे काय चालले होते ते मला नंतर कळले. मंडळी परत आली तेव्हा खोलीत नुसत्या खुर्च्या होत्या. चष्मेवाल्याची बायको, म्हणजे मुलीची आई, एकच वाक्य बोलली, “माणूस गेला, निदान आवाज तरी ठेवायचा होता.” मुलीने ते ऐकले आणि त्या दिवसापासून तिला दुसरे काही सुचेना. पोलिसांनी फोटो मागितला. फोटोत सगळ्यांचे हसरे चेहरे होते आणि मी कोणाच्या तरी पाठीमागे अर्धा झाकलेला. तेव्हा काकांनी गावातल्या सगळ्या वाजवणाऱ्यांना गाठले. बँडवाले, शाळांचे संगीत शिक्षक, हॉटेलात पियानो वाजवणारा, सगळे कामाला लागले. जो तो जुन्या वाद्यांच्या दुकानात शिरून ‘नुसतं बघतोय’ म्हणू लागला. शेवटी पियानोवाल्याने निरोप आणला की त्या गल्लीत एक चेलो आहे, अंगाने जुना आणि रंगाने कालचा.

ठरले असे की चौघांनी वेगवेगळे आत जायचे आणि एकमेकांना ओळख दाखवायची नाही. चौघांनाही नाटक येत नव्हते. फुग्या एक ट्रंपेट उलटसुलट करून पाहू लागला, जणू ही काय वस्तू आहे. बाईंनी क्लॅरिनेट मागितले आणि धरले मात्र सराईतासारखे. काका एका गिटारच्या लाकडावर टकटक करू लागले, ते तेवढे त्यांना शोभले. आई आत यायला तयार नव्हती. समोरच्या फुटपाथवर उभी राहून ती काचेतून बघत होती.

मुलगी माझ्यापुढे आली आणि तिने मला ओळखले नाही.

“हा वाजवून बघू का?”

“बघा की ताई. एकदम गोड आहे. कुठे खरखर नाही, गुरगुर नाही.”

ती बसली. तिने मला जवळ घेतले आणि तिची धडधड मला ऐकू आली, पेटीत झोपायची तेव्हाचीच. तिने थोडे इकडचे तिकडचे वाजवले. मग तिसऱ्या तारेवर बोट नेले, डावा गुडघा बाजूला घेतला आणि गज ओढला. मी सगळा जीव एकवटला. सूर स्वच्छ निघाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत गोड सूर होता आणि मला त्याची भयंकर लाज वाटली. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

पण ती जागा वाजली होती. क्लॅरिनेटमधून तोच सूर बाहेर पडला. बाईंनी आपण काय केले ते कळून डोळे विस्फारले, तोवर फुग्याचे गाल फुगले होते. काकांच्या हातात त्यांचा बास नव्हता, म्हणून त्यांनी घशातूनच सूर धरला. चष्मेवाला गेल्यानंतर त्यांनी ते उत्तर पहिल्यांदाच दिले होते, आणि नेमके जिथे द्यायचे नव्हते तिथे.

“तुम्ही सगळे एकत्र आहात?” दुकानदार म्हणाला.

कोणाला थांबता येईना. भिंतींवर टांगलेल्या सगळ्या तारा थरथरू लागल्या. तो सूर चारी बाजूंनी माझ्यात शिरला आणि माझे पोट गदगदा हलले. घाईने लावलेला सरस सुटला. आत काहीतरी टक्कन पडले. मुलीचा गज अजून चालूच होता. सूर अडखळला, गुरगुरला आणि माझा लांडगा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा विव्हळला.

काचेचे दार ढकलून आई आत आली. “ह्यांचाच आहे हा,” ती म्हणाली.

“अहो, सगळे जुने चेलो असेच ओरडतात,” दुकानदार म्हणाला.

काकांनी मला उचलले, पालथे केले आणि हलवले. फटीतून पितळेचा तुकडा जमिनीवर पडला. “मग हे कशाला चिकटवलं होतं?” त्यांनी माझ्या डाव्या कुशीवर बोट ठेवले. “इथे रंगाखाली झिजलेलं लाकूड आहे. एका माणसाच्या गुडघ्याएवढं. खरवडून दाखवू?”

दुकानदार खाली बसला. पोलीस आले, मागची खोली उघडली आणि फुग्याचे ट्रंपेट, बाईंचे क्लॅरिनेट आणि इतर मंडळींची पुष्कळ वाद्ये तिथे निघाली. आई एकेका भिंतीवरून नजर फिरवत होती.

“माझी व्हायोला?”

“ती गेली, बाई. कोणीतरी घेऊन गेलं. चेहरा आठवत नाही मला, खरंच.”

व्हायोला आजतागायत परत आलेली नाही. आता मुलगी मला घेऊन बसते. आई आपल्या जुन्या खुर्चीवर रिकामे हात मांडीवर ठेवून बसते. मुलीने मला विव्हळायला लावले की सगळे उत्तर देतात आणि आई व्हायोलाचा सूर घशातून काढते. तो थोडा कापरा असतो, पण जागेवर असतो.

आणि एक सांगायचे राहिले. पितळ तर केव्हाच निघाले, तरी एखाद्या दिवशी मुलगी गुडघा बाजूला घेते, गज ओढते आणि लांडगा येतच नाही. सूर शांत, सरळ निघतो. माझ्या कुशीवर त्या जागी ऊब असते. त्या दिवशी कोणी उत्तर देत नाही. सगळे आपापली वाद्ये मांडीवर घेऊन बसून राहतात. आई मग आपली खुर्ची थोडी सरकवते, म्हणते, “जरा जागा द्या ह्यांना,” आणि सराव सुरू होतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी एखादे जुने वाद्य आले, तर त्याला रंग लावण्याआधी ते कुठे झिजले आहे ते पाहा. त्याची खोट बुजवू नका, कारण हरवलेल्याला घरचे खोटीवरूनच ओळखतात. आणि ती व्हायोला असेल, तर तिला एकदा आमच्या गल्लीवरून न्या. धुलाईच्या दुकानाशी थांबा आणि तिची पेटी उघडा. वर आम्ही तो सूर धरला की ती आपोआप थरथरेल. मग जिना चढून या. तिची खुर्ची रिकामीच आहे.